पृथ्वीवर शुक्राचे वातावरण असते तर : एका विचारप्रयोगाची मीमांसा

प्रस्तावना

पहाटे पूर्वेस किंवा सूर्यास्तानंतर पश्चिमेस झळकणारी शुक्राची चांदणी आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. पुराणांनी या ग्रहाला दैत्यांचे गुरुपद दिले आणि मृतांना जिवंत करणारी संजीवनी विद्या त्याच्या स्वाधीन केली. प्रत्यक्षातील शुक्रावर मात्र कोणताही ज्ञात जीव क्षणभरही तग धरू शकत नाही. आकाराने आणि वस्तुमानाने हा ग्रह पृथ्वीशी इतका मिळताजुळता आहे की त्याला पृथ्वीचे जुळे भावंड म्हटले जाते. शुक्राची त्रिज्या पृथ्वीच्या ९५ टक्के, तर वस्तुमान सुमारे ८१ टक्के आहे. अशा दोन सारख्या ग्रहांची परिणती इतकी भिन्न का झाली, हा ग्रहविज्ञानातील एक मूलभूत प्रश्न होय.

पदवी स्तरावर पर्यावरण अभ्यास हा विषय अनिवार्य झाल्यापासून हा प्रश्न विज्ञान शाखेबाहेरील प्राध्यापकांच्याही वाट्याला आला आहे. 'कार्बन डायऑक्साइड असाच वाढत राहिला तर पृथ्वीचा शुक्र होईल' हे विधान व्याख्यानांत, भित्तिपत्रकांवर आणि विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत वारंवार आढळते. प्रस्तुत लेखकाने स्वतःही ते वर्गात अनेक वर्षे उच्चारले आहे. हे विधान सर्वस्वी खोटे नाही, परंतु ज्या अर्थाने ते केले जाते त्या अर्थाने खरेही नाही. पृथ्वीवर शुक्राचे वातावरण आहे अशी कल्पना करून, तिचे परिणाम आकड्यांच्या आधारे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. अशा तपासणीतून त्या विधानातील ग्राह्य भाग कोणता आणि त्याज्य भाग कोणता हे आपोआप निराळे होते.

शुक्राच्या वातावरणाचा परिचय

शुक्राला वातावरण असावे असा निष्कर्ष मिखाईल लोमोनोसोव्ह यांनी १७६१ सालच्या अधिक्रमणाच्या निरीक्षणांवरून काढला होता. त्या वातावरणाखाली काय दडले आहे याविषयी पुढची दोनशे वर्षे केवळ तर्क चालले. ढग आहेत म्हणजे पाणी असणार, पाणी आहे म्हणजे दलदल आणि घनदाट अरण्ये असणार, अशी ती तर्कपरंपरा होती. स्वांते अऱ्हेनियस यांच्यासारखा थोर रसायनशास्त्रज्ञही विसाव्या शतकाच्या आरंभी याच मताचा होता. हरितगृह परिणामाचे गणित प्रथम मांडणाऱ्या याच शास्त्रज्ञाने त्या परिणामाच्या सर्वांत ठळक उदाहरणाला दलदल समजावे, हा विज्ञानाच्या इतिहासातील एक गमतीदार योगायोग म्हणावा लागेल.

१९३२ मध्ये माउंट विल्सन वेधशाळेतील वर्णपटांच्या अभ्यासातून शुक्रावर विपुल कार्बन डायऑक्साइड असल्याचे आढळले. १९५६ मध्ये रेडिओ लहरींच्या मोजमापांनी तेथील तापमान तीनशे अंश सेल्सिअसच्या वर असल्याचे सूचित केले. सोव्हिएत संघाच्या 'व्हेनेरा ७' या यानाने १५ डिसेंबर १९७० रोजी शुक्राच्या पृष्ठभागावर उतरून तेथून संदेश पाठविला आणि दलदलीची कल्पना कायमची निकालात निघाली. १ मार्च १९८२ रोजी उतरलेले 'व्हेनेरा १३' तेथे १२७ मिनिटे कार्यरत राहिले. ३२ मिनिटांच्या कार्यकाळासाठी बांधलेल्या यंत्राची ही कामगिरी असामान्यच होती.

या मोहिमांतून आणि त्यानंतरच्या मोजमापांतून निश्चित झालेले चित्र असे आहे. शुक्राच्या वातावरणात ९६.५ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि ३.५ टक्के नायट्रोजन असून सल्फर डायऑक्साइड, पाण्याची वाफ आदी वायू अत्यल्प आहेत. पृष्ठभागावरील सरासरी तापमान ४६४ अंश सेल्सिअस आहे. दाब पृथ्वीवरील दाबाच्या सुमारे ९२ पट आहे; समुद्रात नऊशे मीटरहून अधिक खोल गेल्यास आपल्याला जो दाब सोसावा लागेल तेवढा. सुमारे ४८ ते ७० किलोमीटर उंचीवर सल्फ्युरिक आम्लाच्या थेंबांचे अखंड ढग आहेत. या ढगांतून आम्लाचा पाऊस पडतो, परंतु खालच्या उष्णतेमुळे तो वाटेतच विरून जातो आणि जमिनीपर्यंत पोहोचत नाही.

उष्णतेचे कारण : अंतर की आवरण?

शुक्र सूर्याला अधिक जवळ आहे म्हणून तो अधिक तप्त आहे, हे उत्तर विद्यार्थी हमखास देतात. शुक्रावर पृथ्वीच्या सुमारे १.९ पट सूर्यप्रकाश पडतो हे खरे आहे. तथापि त्याचे पांढरे ढग त्यातील सुमारे तीन चतुर्थांश प्रकाश परतवून लावतात. हिशेब केल्यास, संपूर्ण पृष्ठभागावर सरासरी काढता, शुक्र दर चौरस मीटरला सुमारे १६० वॅट ऊर्जा शोषतो आणि पृथ्वी सुमारे २४० वॅट. म्हणजे जो ग्रह भट्टीसारखा तापलेला आहे तो आपल्यापेक्षा कमी सूर्यऊर्जा ग्रहण करतो. हा मुद्दा वर्गात सांगितल्यावर क्षणभर शांतता पसरते, आणि हरितगृह परिणाम समजावून देण्यास याहून चांगला क्षण मिळत नाही.

मग उष्णता येते कोठून? प्रत्येक ग्रह जेवढी ऊर्जा शोषतो तेवढीच अवरक्त किरणांच्या रूपाने अवकाशात परत टाकतो. परंतु ही ऊर्जा जमिनीवरून थेट अवकाशात जात नाही. वातावरणातील अवरक्त किरण अडवणारे वायू ज्या उंचीवर पुरेसे विरळ होतात, त्या उंचीवरून ती निसटते. पृथ्वीच्या बाबतीत ही उंची सरासरी पाच किलोमीटर आहे आणि तेथील तापमान उणे १८ अंश आहे. तेथून खाली येताना दर किलोमीटरला सुमारे साडेसहा अंश तापमान वाढते. पाच किलोमीटरमध्ये ३३ अंशांची भर पडते आणि जमिनीवर १५ अंश मिळतात. शुक्राच्या बाबतीत ही उंची सुमारे ६५ किलोमीटर आहे. तेथील तापमान उणे ४३ अंश, म्हणजे पृथ्वीवरील संबंधित तापमानापेक्षाही कमी आहे. परंतु तेथून जमिनीपर्यंतची उतरण ६५ किलोमीटरची आहे. दर किलोमीटरला सुमारे ७.८ अंश धरल्यास ५०७ अंशांची भर पडते, आणि उणे ४३ मध्ये ५०७ मिळविले की ४६४ येतात. शुक्राची उष्णता ही अशा प्रकारे मुख्यत्वे त्याच्या आवरणाच्या जाडीची उष्णता आहे.

हे आवरण पृथ्वीवर पांघरले तर

आता कल्पना करू की शुक्राचे हे आवरण जसेच्या तसे उचलून पृथ्वीवर ठेवले आहे. शुक्राच्या प्रत्येक चौरस मीटरवर हवेचा जो स्तंभ उभा आहे त्याचे वस्तुमान हजार टनांहून थोडे अधिक भरते. पृथ्वीवरील असा स्तंभ सुमारे दहा टनांचा असतो. पृथ्वीचे गुरुत्व किंचित अधिक असल्याने तोच स्तंभ येथे ९२ नव्हे, तर सुमारे १०० पट दाब निर्माण करील.

पृथ्वी सूर्यापासून अधिक दूर आहे, त्यामुळे ती वाचेल काय? शुक्राइतकेच परावर्तक ढग गृहीत धरल्यास पृथ्वी दर चौरस मीटरला केवळ ८० वॅटच्या आसपास ऊर्जा शोषील, आजच्या एक तृतीयांश. तरीही त्या जाड आवरणाखालील कोरड्या भूपृष्ठाचे तापमान ढोबळ गणिताने साडेतीनशे अंश सेल्सिअसच्या घरात स्थिरावेल. शिसे ३२७ अंशांना वितळते. तांब्यापितळेच्या भांड्यांची कल्हई त्याच्या कितीतरी आधी, २३२ अंशांना ओघळू लागेल. अंतराचा लाभ शंभरेक अंशांचा आहे आणि जीवनाच्या दृष्टीने त्याला काहीही अर्थ नाही.

त्या जगातील दृश्य कसे असेल? आकाश कधीही निरभ्र नसेल. शुक्राच्या पृष्ठभागापर्यंत सूर्यप्रकाशाचा दोन-तीन टक्केच अंश पोहोचतो आणि त्यातील निळा भाग वाटेतच गाळला जात असल्याने सर्व काही नारिंगी दिसते. सूर्याचे बिंब, चंद्राच्या कला, नक्षत्रे यांपैकी काहीही दिसणार नाही. अशा पृथ्वीवर जर कोणी बुद्धिमान जीव असते, तर त्यांना पंचांग मांडता आले नसते, दर्यावर्दींना ताऱ्यांवरून दिशा काढता आली नसती आणि आपल्याखेरीज अन्य विश्व आहे याची जाणीवही बहुधा फार उशिरा झाली असती.

हवेची घनता आजच्या हवेच्या पन्नास पटींहून अधिक असेल. ताशी साडेतीन किलोमीटर एवढ्या मंद वाऱ्याचाही धक्का आजच्या कितीतरी वेगवान वाऱ्याइतका लागेल. साधे चालणे म्हणजे सतत समोरच्या वाऱ्याशी झुंजणे ठरेल. चूल पेटणार नाही, कारण ज्वलनास लागणारा मुक्त ऑक्सिजन नाही. अरण्यांना वणवा लागणार नाही. झाडे उभ्याउभ्या करपून त्यांचा कोळसा होईल. दिवस व रात्र, विषुववृत्त व ध्रुव यांच्या तापमानांत फारसा भेद उरणार नाही, कारण इतके जड वातावरण उष्णता सर्वत्र सारखी वाटून टाकते. थंडावा केवळ उंचीवर मिळेल. महाबळेश्वर तेव्हाही कोकणापेक्षा थंड असेल, दहाएक अंशांनी.

समुद्राचा प्रतिकार

येथवरचे वर्णन लोकप्रिय पुस्तकांतून या ना त्या स्वरूपात वाचावयास मिळते. परंतु त्यात पृथ्वीवरील एका घटकाचा विचार केलेला नसतो, आणि तो म्हणजे समुद्र. वरील हिशेब कोरड्या पृथ्वीचा आहे. प्रत्यक्षात पृथ्वीवरील सर्व पाणी सारखे पसरल्यास प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे २७०० टन पाणी येते. शुक्राचे संपूर्ण वातावरण हजार टनांचे. म्हणजे आक्रमण करणाऱ्या हवेपेक्षा बचाव करणारे पाणी अडीच पटींहून अधिक जड आहे, आणि एक किलो पाणी एक अंशाने तापविण्यास एक किलो वायूच्या सुमारे चौपट उष्णता लागते.

शुक्राची तप्त हवा एका रात्रीत पृथ्वीवर आली असे समजू. समुद्र उकळून जाईल, असे आपल्याला वाटते. तसे होणार नाही. शंभर पट दाबाखाली पाण्याचा उत्कलनबिंदू ३११ अंशांपर्यंत चढतो. शिवाय त्या हवेतील सगळी उष्णता समुद्राने शोषून घेतली तरी त्याचे सरासरी तापमान २५ ते ३० अंशांनीच वाढेल. पृष्ठभागाचे पाणी प्रारंभी भयंकर तापेल, जीवसृष्टी नष्ट होईल, शंख-शिंपल्यांचा चुना आम्लधर्मी झालेल्या पाण्यात विरघळू लागेल. हे सर्व खरे. पण समुद्र समुद्रच राहील आणि हवाच निवेल.

कालांतराने काय होईल हा निराळा प्रश्न आहे. जेम्स कास्टिंग आणि थॉमस अकरमन यांनी १९८६ मध्ये आद्य पृथ्वीवरील दाट कार्बन डायऑक्साइडचे गणित प्रसिद्ध केले. आजच्या हवेच्या दाबाच्या दहा ते वीस पट कार्बन डायऑक्साइड असला तर पृष्ठभागाचे तापमान ८५ ते ११० अंश होईल, आणि केवळ हा वायू वाढल्याने महासागर उकळून अनिर्बंध हरितगृह अवस्था येणार नाही, असे त्यातून दिसून आले. वायू वाढतो तसा दाबही वाढतो आणि पाण्याला द्रवरूपात दाबून ठेवतो. शंभर पट दाबाचा कार्बन डायऑक्साइड असताना समुद्र सुमारे २३० अंशांवर, तरीही द्रवरूप राहील असे अंदाज आहेत.

विशेष म्हणजे हा विचारप्रयोग निसर्गाने एकदा प्रत्यक्षात केलेला असावा. सुमारे साडेचार अब्ज वर्षांपूर्वी पृथ्वी वितळलेल्या अवस्थेतून घट्ट होत असताना तिच्या अंतरंगातील कार्बन वायुरूपाने बाहेर पडला आणि शुक्राच्या तोडीचे वातावरण काही काळ येथे नांदले, असे अनेक भूवैज्ञानिक मानतात. ऑस्ट्रेलियातील जॅक हिल्स येथील ४.४ अब्ज वर्षे जुन्या झिरकॉन स्फटिकांतील ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून त्या काळीही द्रवरूप पाणी होते असे अनुमान काढले जाते. तो कार्बन आज हवेत नाही. तो कोठे गेला हे शोधण्यासाठी मराठी वाचकाला फार दूर जाण्याचे कारण नाही.

चुनखडकातील शुक्र

चंद्रपूर-यवतमाळ परिसरात पैनगंगा समूहाचा चुनखडक आहे आणि त्यावर तेथील सिमेंट कारखाने चालतात. शुद्ध चुनखडक सुमारे ९०० अंशांपर्यंत तापविला की त्याच्या १०० किलोंतून ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पूर्वी गावोगावी असलेल्या चुन्याच्या भट्ट्या हेच करीत. जुन्या वाड्यांच्या आणि किल्ल्यांच्या बांधकामातील चुना अशा भट्टीतून निघून, घाणीत मळला जाऊन भिंतीत बसला; आणि भिंतीत बसल्यावर वर्षानुवर्षे हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा कठीण चुनखडक होत गेला. भट्टीत सुटलेला वायू भिंतीने परत घेतला, असे हे लहानसे चक्र होय.

निसर्गात हेच चक्र अवाढव्य प्रमाणावर चालते. हवेतील कार्बन डायऑक्साइड पावसाच्या पाण्यात विरघळून सौम्य आम्ल बनते. हे आम्ल सिलिकेट खडक झिजविते व त्यातील कॅल्शियम सोडविते. नद्या ते समुद्रात नेतात, तेथे त्याचा कॅल्शियम कार्बोनेट होऊन तळाशी साचतो. हॅरॉल्ड युरे यांनी १९५२ मध्ये या प्रक्रियेचे ग्रहीय महत्त्व विशद केले. दख्खनचा काळा पाषाण या कामात विशेष तत्पर आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांतून घडलेला आणि आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर पसरलेला हा बेसाल्ट, ग्रॅनाइटच्या तुलनेत लवकर झिजतो. गोदावरी आणि कृष्णा यांच्या पाण्यात विरघळलेले कॅल्शियम हे अंशतः या झिजेचेच फळ आहे. आपल्या काळ्या रानात नांगराला लागणारे चुनखडीचे खडेही याच रसायनाचे स्थानिक रूप आहे. ज्या उद्रेकांनी एके काळी हवेत प्रचंड कार्बन डायऑक्साइड सोडला, त्यांचाच पाषाण गेली कोट्यवधी वर्षे तो परत घेत आहे.

अशा रीतीने पृथ्वीच्या कवचात कार्बोनेटच्या रूपाने बंदिस्त झालेला कार्बन किती? अंदाजांत फरक आहे, परंतु तो शुक्राच्या वातावरणातील कार्बनच्या निम्म्यापासून जवळजवळ बरोबरीपर्यंत येतो. प्रावरणातील कार्बन वेगळाच. नायट्रोजनच्या बाबतीतही दर चौरस मीटरला शुक्राकडे आपल्या हवेच्या सुमारे तिप्पट नायट्रोजन आहे, शेकडो पट नव्हे. तात्पर्य, दोन्ही भावंडांना वारसा साधारण सारखाच मिळाला. एकाने तो हवेत उधळला, दुसऱ्याने जमिनीत पुरून ठेवला. शुक्राचे वातावरण ही परकी वस्तू नाही. ते आपल्या पायाखाली दगड होऊन पडलेले आहे.

या व्यवस्थेत एक स्वयंनियंत्रणही आहे. जेम्स वॉकर, पॉल हेज आणि कास्टिंग यांनी १९८१ मध्ये ते मांडले. तापमान वाढले की पाऊस व झीज वाढते, अधिक वायू शोषला जातो आणि तापमान उतरते. थंडी वाढली की याच्या उलट. मात्र हे नियंत्रण लाखो वर्षांच्या कालमानावर चालते. त्यावर विसंबून आजचे धोरण ठरविणे म्हणजे पुढच्या युगातील पावसावर यंदाची पेरणी करण्यासारखे आहे.

शुक्राचे पाणी

सगळे पाण्यावर अवलंबून असेल तर शुक्रावरचे पाणी गेले कोठे? १९७८ मध्ये पोहोचलेल्या 'पायोनियर व्हीनस' मोहिमेने याचा धागा दिला. शुक्राच्या वातावरणात साध्या हायड्रोजनच्या तुलनेत जड हायड्रोजनचे, म्हणजे ड्यूटेरियमचे, प्रमाण पृथ्वीवरील प्रमाणाच्या शंभर पटींहून अधिक आढळले. हलका हायड्रोजन अवकाशात निसटत गेला आणि जड मागे राहिला, हा त्याचा सरळ अर्थ. शुक्रावर एके काळी आजच्यापेक्षा खूप अधिक पाणी होते. ते समुद्राच्या रूपात होते की आरंभापासून वाफेच्याच, याविषयी मात्र अभ्यासकांत मतभेद आहेत.

समुद्र असलेल्या ग्रहाला उष्णता बाहेर टाकण्याची एक मर्यादा असते. पाण्याची वाफ इतकी दाट होते की दर चौरस मीटरला सुमारे २८० ते ३०० वॅटपेक्षा अधिक ऊर्जा बाहेर जाऊ शकत नाही. ग्रह याहून अधिक ऊर्जा शोषू लागला की तापमान थांबत नाही आणि शेवटी सर्व पाणी वाफ होते. वाफ उंच पोहोचते, अतिनील किरण तिचे विघटन करतात, हायड्रोजन निघून जातो. पाणी गेले की झीज थांबते, झीज थांबली की ज्वालामुखींतून येणारा कार्बन डायऑक्साइड हवेतच साचत राहतो. शुक्र या मर्यादेच्या पलीकडे पडला. पृथ्वी आज सुमारे २४० वॅटवर, अलीकडे आहे. म्हणूनच सूर्यापासूनचे अंतर निरर्थक नाही. त्याने शुक्राला थेट भाजले नाही, त्याने शुक्राचे पाणी हिरावले.

सूर्याची तेजस्विता दर अब्ज वर्षांत सुमारे दहा टक्क्यांनी वाढते. त्यामुळे अब्जावधी वर्षांच्या हिशेबात पृथ्वीलाही त्या मर्यादेकडे जावेच लागणार आहे.

जीवनाला नेमके काय घातक?

'प्रतिकूल वातावरण' हा शब्द आपण सैलपणे वापरतो. शुक्राच्या वातावरणातील प्रत्येक घटक स्वतंत्रपणे तपासला तर वेगळेच चित्र दिसते. दाब हा तितकासा अडसर नाही. प्रशांत महासागरातील मारियाना गर्तेत याच्या दहा पटींहून अधिक दाबाखाली प्राणी जगतात. मुक्त ऑक्सिजनचा अभावही सर्वांना मारक नाही, कारण पृथ्वीवरील जीवन पहिली दोन अब्ज वर्षे जवळजवळ त्याच्याविनाच होते. माणसाला अर्थातच हे दोन्ही घातक आहेत आणि हवेत दहा टक्के कार्बन डायऑक्साइड असला तरी तो काही मिनिटांत शुद्ध हरपतो. परंतु माणूस म्हणजे जीवन नव्हे. सूक्ष्मजीवांपुढचा खरा अडथळा उष्णतेचा आहे. 'मेथॅनोपायरस कँडलेरी' हा सूक्ष्मजीव १२२ अंशांपर्यंत वाढतो, आणि वाढीची याहून उंच मर्यादा आजवर निश्चितपणे सिद्ध झालेली नाही.

शुक्रावर ५० ते ५५ किलोमीटर उंचीवर दाब व तापमान दोन्ही पृथ्वीसारखे आहेत. तेथील ढगांत सूक्ष्मजीव असू शकतील काय, ही चर्चा जुनी आहे. सप्टेंबर २०२० मध्ये त्या ढगांत फॉस्फीन वायू आढळल्याचा दावा झाला आणि ती पुन्हा पेटली. तो दावा अद्याप वादग्रस्त आहे. परंतु तेथील थेंब संहत सल्फ्युरिक आम्लाचे आहेत. जीवांना उपलब्ध होऊ शकणाऱ्या पाण्याचे मोजमाप 'जलक्रियता' या संज्ञेने करतात. शुद्ध पाण्यासाठी ती १ असते. पृथ्वीवरील सर्वांत काटक बुरशीही ०.५८५ च्या खाली वाढत नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार शुक्राच्या ढगांत ती ०.००४ हून अधिक नाही. तापमान सोयीचे, दाब सोयीचा, आणि तरीही पाण्याचा दुष्काळ; विचारप्रयोग कोठूनही सुरू केला तरी तो पाण्यापाशीच येऊन थांबतो.

वर्गातील विधानाकडे परत

आता आरंभीच्या विधानाचे परीक्षण करता येईल. शुक्राच्या वातावरणात आज आपल्या हवेतील कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १ लाख ४० हजार पट कार्बन डायऑक्साइड आहे. जीवाश्म इंधनांपासून मानव दरवर्षी सुमारे ३७ अब्ज टन वायू हवेत सोडतो. याच वेगाने आणि झालेले शोषण शून्य धरून, पृथ्वीवर शुक्राइतका साठा होण्यास सुमारे १ कोटी ४० लाख वर्षे लागतील. कोळसा व तेल त्याच्या कितीतरी आधी संपलेले असेल. शुक्राचा कार्बन कोळशात नाही, चुनखडकात आहे. म्हणून धूर सोडून पृथ्वीचा शुक्र होईल, हे विधान त्या शब्दांत टाकून द्यावे लागते.

परंतु ते टाकून देताना विद्यार्थ्याच्या मनात 'मग चिंता नाही' असा भाव उरू देता कामा नये. हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या दशलक्षांशी २८० भागांवरून आता ४२० च्या वर गेले आहे. २०२४ हे वर्ष औद्योगिकपूर्व सरासरीपेक्षा दीड अंशाहून अधिक उष्ण ठरले. ओल्या फडक्याच्या तापमापीवर ३५ अंशांची नोंद सलग काही तास राहिली तर सावलीत स्वस्थ बसलेला निरोगी माणूसही जगू शकत नाही, असा सैद्धांतिक निष्कर्ष आहे. प्रत्यक्ष सहनशक्ती त्याहून कमीच आढळते. आपल्या जीवनाची मर्यादा आणि शुक्राची अवस्था यांत चारशेहून अधिक अंशांचे अंतर आहे. अपाय त्या अंतराच्या पहिल्या पाच-सात अंशांतच होतो. शुक्राचे भय दाखविणाऱ्या भित्तिपत्रकांविषयी लेखकाची खरी तक्रार हीच आहे की ती धोका फुगवून सांगताना त्याला फार दूर नेऊन ठेवतात.

शुक्राचा उपयोग भय दाखविण्यापेक्षा हिशेब शिकविण्यास अधिक चांगला होतो. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या शुक्र परिक्रमा मोहिमेस केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली असून तिचे प्रक्षेपण २०२८ मध्ये नियोजित आहे. त्या निमित्ताने हा विषय वर्गात पुन्हा येईलच. तेव्हासाठी एक साधे प्रात्यक्षिक सुचवावेसे वाटते. रानातील चुनखडीचा खडा आणून त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकावेत. फसफसून बाहेर पडणारा वायू चुन्याच्या निवळीतून नेला की निवळी दुधाळ होते. शंभर ग्रॅम शुद्ध चुनखडकातून ४४ ग्रॅम, म्हणजे खोलीच्या तापमानाला सुमारे २४ लिटर वायू सुटतो, हे विद्यार्थ्यांना ठाऊकच असते. मग त्यांना विचारावे, की प्रत्येक चौरस मीटरवर शुक्राप्रमाणे हजार टन कार्बन डायऑक्साइड उभा करावयाचा झाल्यास चुनखडकाचा किती जाड थर जाळावा लागेल? खडकाची घनता घनमीटरला २.७ टन धरावी. उत्तर साडेआठशे मीटरच्या आसपास येते. कळसूबाईच्या जवळपास निम्म्या उंचीइतका थर, साऱ्या पृथ्वीभर.